फोर-बाय-फोरची सर्व्हिस: घरी किती करायची, मिस्त्रीकडे काय द्यायचं?



१ जूनला बंदी लागली की आपण बोट वर ओढतो. बूड खरवडतो, रंग लावतो, इंजिन उघडून बघतो. पण हजिरा, मगदल्ला, डुमसकडून वर्षभर बर्फ, जाळी आणि मासळी वाहणारी फोर-बाय-फोर गाडी मात्र दारात तशीच उभी असते. कोणी म्हणतं, "गॅरेजवाला बघेल." कोणी म्हणतं, "बोटीचं इंजिन खोलतो, मग गाडीचं काय एवढं?" या दोन्ही टोकांना पैसे जातात. कधी कधी जीवही.

आपल्या गाडीचा खरा शत्रू

शहरातली गाडी किलोमीटर मोजून म्हातारी होते, आपली मिठाने होते. आणि हे मीठ फक्त किनाऱ्यावरून येत नाही. मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून खाली गळतं आणि चेसीवर, ब्रेकच्या पाइपांवर, पाट्यांच्या मध्ये जाऊन बसतं. वरून गाडी चकाचक, खालून पापुद्रे सुटलेले!

बोटीच्या बुडाला आपण जस्ताचे ठोकळे लावतो, तसे गाडीला लावू का, असं काही जण विचारतात. उपयोग नाही. ते जस्त पाण्यात बुडालेलं असेल तेव्हाच काम करतं. गाडीला एकच औषध, गोडं पाणी. खेप संपली की हौदा आणि गाडीचं पोट धुवायचं, त्याच दिवशी.

घरी करा, बिनधास्त

धुणं झालं की ग्रीसगन. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना निपल असतील तर जुनं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, टायरची हवा, कूलंटची पातळी, हे घरचंच काम.

मग तेल. साध्या गाडीला नसतात अशा दोन जागा आपल्या गाडीला जास्त: ट्रान्सफर केस आणि पुढचा डिफरन्शियल. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. म्हणून वर हवा सोडणारी ब्रीदरची नळी असते. ती चिखलाने बुजलेली नाही ना, एवढं बघा. तेल चहासारखं दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय. मग किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला.

ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली होता. आजही पावसाळ्यात खाडी भरली की लिंबायतकडे पाणी शिरतं. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका. इंजिनमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करून सरळ गॅरेजला न्या.

माझी फजिती

मी पहिल्यांदा डिफरन्शियलचं तेल बदललं, तेव्हा आधी खालचं बूच काढलं. तेल सगळं गेलं. मग वरचं भरायचं बूच खोलायला गेलो, तर गंजून जाम! पाना घसरला, बुचाचे कोपरे झिजले. गाडी दोन दिवस अंगणात आणि मासळी भाड्याच्या टेम्पोत. वाचवलेली मजुरी भाड्यातच गेली. तेव्हापासून नियम एकच: भरायचं बूच आधी सुटतंय का बघायचं, मगच खालचं काढायचं.

दुसरा नियम त्याहून मोठा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. वाळूत आणि ओल्या मातीत जॅक सरकतो. पक्की जमीन, चाकांना ओट, खाली स्टँड, आणि सोबत एक माणूस.

हे मिस्त्रीकडेच

ब्रेकचे पाइप, स्टिअरिंग, व्हील बेअरिंग, क्लच, ट्रान्सफर केस खोलणं, ही कामं मिस्त्रीची. मासळीने भरलेली गाडी उतारावर थांबली नाही, तर त्यात आपण एकटे नसतो.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जोडायला घेतलेल्या विलिज जीपचं सगळं काम पाना-पक्कडीवर चालायचं. आजचं तसं नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सेन्सर आहेत, काजळी अडवणारा फिल्टर आहे. त्यांचा दिवा लागला तर स्कॅनर लागतो. आणि एक सवय आजच मोडा: बोटीसाठी आणलेल्या डब्यातलं तेल गाडीत ओतणं. त्याच्या राखेने हा फिल्टर कायमचा चोंदतो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, प्रत्येकाचं तेल वेगळं. पुस्तिकेत लिहिलेलंच घाला.

गाडी वॉरंटीत असेल, तर कंपनीचं वेळापत्रक पाळा आणि बिलं जपा.

मग वाचतं काय?

खरं सांगायचं तर तेल-फिल्टरचे पैसे दोन्हीकडे लागतातच, वाचते ती मजुरी. खरा फायदा वेगळा आहे. महिन्यातून एकदा गाडीखाली डोकावणाऱ्याला गळती पहिल्या थेंबाला दिसते. मिस्त्रीकडे जाऊन तो "आवाज येतोय, बघा जरा" एवढंच म्हणत नाही. "पुढच्या उजव्या चाकाच्या सीलमधून तेल येतंय," असं सांगतो. अशा गिऱ्हाइकाला नको ते काम कोणी चिकटवत नाही. उधना-पांडेसऱ्यात आपली भाषा बोलणारे मिस्त्री आहेत. एक जण धरा, जुना पार्ट परत मागा, आणि वहीत तारीख, किलोमीटर लिहून ठेवा.

शेवटचं, काढलेलं काळं तेल खाडीत, गटारात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. आणि खाडीत पडलेलं तेल भरती-ओहोटीबरोबर आपल्याच जाळ्यापाशी फिरून येतं. डब्यात भरून अधिकृत तेल गोळा करणाऱ्याला द्या.

या बंदीत बोटीला जेवढे दिवस देता, त्यातला एक गाडीला द्या. बोट मासळी आणते, पण बाजारात पोचवते ती गाडीच.