मुलगी कुस्तीला जाते, गादी कोण पुसतं?

पावसाळा लागला की आपल्या नागपुरात कपाटातल्या साड्यांना कुबट वास येऊ लागतो आणि मुलांच्या अंगावर गजकर्णाचे गोल चट्टे उठू लागतात. त्यातून मुलगी ज्युडोला किंवा कुस्तीला जात असली, की खापर सरळ खेळावर फुटतं. महालातल्या एका ओळखीच्या बाईंनी तर ‘उद्या हिच्या लग्नाचं बघायचं, मानेवर डाग नकोत बाई’ म्हणून आठवीतल्या लेकीचा क्लासच बंद केला. मला विचाराल तर बदलायला हवी होती ती तिथली गादी पुसायची पद्धत.

जुन्या आखाड्यात मातीची केवढी निगा असे! तांबडी माती चाळून तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालायचा आणि रोज ती खणून वरखाली करायची. खाशाबा जाधव अशाच मातीत घडले, पण १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं ते गादीवर. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली, तीही गादीवरच. तेव्हा आपल्या मुलींना गादी चुकायची नाही. माती घाम पिऊन टाकते, गादी पीत नाही. घाम, त्वचेचे कण आणि त्यांतली बुरशी तिच्यावर तशीच राहते. ही बुरशी महिनोन् महिने तग धरते. पुवाचे फोडसुद्धा असेच एकीचे दुसरीला होतात.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत व्हरांड्याचंच फडकं फिनेलच्या त्याच गढूळ बादलीत बुडवून गादीवरून फिरायचं. वास छान यायचा, एवढंच!

खरकटं भांडं आपण आधी घासतो, मग विसळतो. गादीचंही तसंच. आधी केर काढा, मग साबणाच्या पाण्यानं पुसून साध्या पाण्याचा हात फिरवा. त्यानंतर औषध. घरी वापरतो ते साधं, बिनवासाचं ब्लीच ५ लिटर पाण्यात १०० मिलिलिटर पुरे. ते लावून लगेच कोरडं करायचं नाही. दहा मिनिटं गादी ओली दिसली पाहिजे. जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच. नंतर साध्या पाण्यानं पुसून पंख्याखाली खडखडीत वाळवा. जोडाच्या गाद्या असतील तर अधूनमधून सोडवून फटी पुसा, सगळी घाण तिथेच बसते. रोजच्या सरावानंतर हे व्हायला हवं. गादीचं फडकं आणि बादली मात्र वेगळी.

ब्लीचचं पाणी रोज ताजं करावं, कालचं निकामी होतं. बाटली उन्हात ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. आणि संडासाचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हातात मोजे, खिडक्या उघड्या, मुली बाहेर.

घरचं कामही थोडं आहेच. चपला गादीच्या कडेपर्यंत घालायच्या, संडासात अनवाणी जाऊन तसंच गादीवर यायचं नाही. नखं कापलेली हवीत. आल्याबरोबर आंघोळ, आणि घामाचा पोशाख पिशवीत न कोंबता धुऊन उन्हात. टॉवेल प्रत्येकीचा वेगळा.

चट्टा उठलाच तर औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं ट्यूब आणू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉईड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि गजकर्ण आतून पसरत जातं. अशा वापरामुळे आपल्या देशात अलीकडे हा आजार फार चिवट झाला आहे. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं आणि सांगतील तितके आठवडे औषध पुरं करावं, चट्टा दिसेनासा झाला तरी. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत अंगावरच्या गजकर्णाला औषध सुरू झाल्यावर निदान ७२ तास मुलांना गादीवर घेत नाहीत. आपणही हा नियम पाळावा. तेवढे तीन दिवस लेकीनं बाकावर बसून डाव बघावेत, मग डॉक्टरांना विचारून खुशाल उतरावं.