जुन्या मोटारीचा हिशेब

मोटार ही चैनीची वस्तू की गरजेची, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या काळात तो वाद घालणाऱ्यांना निदान उसंत तरी होती. 14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 ची पहिली किल्ली दिल्लीत एका ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गाच्या मनातील मोटारीचे चित्रच पालटले. त्या गाडीचे उत्पादन 2014 च्या आरंभी थांबले. परंतु तिच्या मागून आलेल्या आल्टो, वॅगन-आर, सॅन्ट्रो या लहान गाड्या खानदेशच्या रस्त्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आजही धावताना दिसतात. जळगाव-धुळे पट्ट्यात रोज ‘अपडाऊन’ करणारे शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका, तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत शिकविणारे तरुण प्राध्यापक यांच्यापुरता तरी तो वाद निकाली निघाला आहे, असे मानावयास हरकत नाही. त्यांच्यापुढील प्रश्न निराळा आहे. जुनी मोटार घ्यावी हे ठरले. पण विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारे?

या गरजेचे मूळ बऱ्याच अंशी भूगोलात आहे. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन झाले. जळगाव व धुळे ही दोन मुख्यालये झाली. पण या दोहोंना जोडणारा सरळ लोहमार्ग मात्र झाला नाही. जळगावहून निघणारा तापी खोऱ्यातील मार्ग धरणगाव, अमळनेर, नरडाणा करीत नंदुरबारकडे व पुढे सुरतेला जातो आणि धुळे शहराला बगल देतो. धुळेकरांची भिस्त 1900 साली सुरू झालेल्या चाळीसगावच्या फाट्यावर. एरंडोल, पारोळा या गावांत तर रेल्वे येतच नाही. उरला रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 आणि आताचा 53, ज्याच्यावरून सुरत-नागपूरची सारी अवजड वाहतूक वाहते आणि ज्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. अशा रस्त्यावर, पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना, मालमोटारींच्या शेजारून दुचाकी हाकणे म्हणजे रोज जिवाशी खेळणे होय.

एस.टी. आहे, आणि ती असलीच पाहिजे. परंतु ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात कर्मचाऱ्यांच्या संपामुळे ती जवळजवळ ठप्प झाली, तेव्हा नोकरदारांनी जो मार्ग शोधला तो बहुधा जुन्या मोटारीचाच होता. माझ्या परिचयातील कितीतरी जण त्यानंतर फलाटावर परतलेच नाहीत.

आता हिशेब मांडू. जाऊन-येऊन रोज 70 किलोमीटर आणि वर्षाचे 220 कामाचे दिवस धरले, तर 15,400 किलोमीटर होतात. दोन लाखांना घेतलेली, लिटरला 20 किलोमीटर जाणारी जुनी गाडी 770 लिटर पेट्रोल पिईल. 105 रुपये दर धरला तर 80,850 रुपये. पाच वर्षांनी ती एक लाखाला गेली, तर वार्षिक घसारा 20,000. गुंतलेल्या रकमेवर बुडालेले व्याज सरासरीने 10,500. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून 30,000. एकूण 1,41,350, म्हणजे किलोमीटरला नऊ रुपयांहून थोडे अधिक. हीच मांडणी सहा लाखांच्या, पाच वर्षांनी तीन लाखांना जाणाऱ्या आणि लिटरला 22 किलोमीटर देणाऱ्या नव्या गाडीसाठी केली, तर खर्च 1,95,000 होतो. वर्षाला 53 हजारांचा हा फरक कोठून आला? ‘ॲव्हरेज’मधून नव्हे, त्या बाबतीत तर नवी गाडी सरसच आहे. तो आला घसाऱ्यातून आणि व्याजातून. जुनी मोटार स्वस्त पडते ती पहिल्या मालकाने तिच्या तारुण्याची किंमत आधीच मोजलेली असते म्हणून. ‘गाडी किती ॲव्हरेज देते?’ हाच प्रश्न पहिल्याने विचारणाऱ्या आपल्या लोकांनी ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लिटरमागे दोन किलोमीटर कमी-अधिक झाले, तर या अंतरावर वर्षाला आठ-नऊ हजारांचा फरक पडतो. गाडी चुकीची निवडली गेली, तर तेवढे एका महिन्यात जातात.

चार सहकारी मिळून तीच गाडी वापरू लागले, तर माणशी रोजचे 160 रुपये पडतात. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीत साध्या एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या घरात गेले. त्या दराने याच अंतराला 120 च्या आसपास लागतात. चाळीस रुपयांत दिवसाचा तासभर विकत मिळतो, असे याचे सार. मार्च 2023 पासून निम्म्या भाड्यात प्रवास करणाऱ्या भगिनींच्या दृष्टीने मात्र हा सौदा इतका सरळ नाही, आणि जवळ बस मिळत असेल तर त्यांनी ती सोडू नये. एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. ओळखीच्या चौघांनी पेट्रोल वाटून घेणे वेगळे आणि खाजगी क्रमांकाच्या गाडीत भाडे घेऊन उतारू बसविणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कायदाही मोडतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकण्याची संधीही मिळते.

हा सारा ताळेबंद एका गृहीतावर उभा आहे: गाडी विश्वासू निघाली पाहिजे. येथे अर्थशास्त्र मदतीला येते. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे 2001 मध्ये त्यांना ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा पाया हाच लेख होता. त्यांचे म्हणणे असे: गाडीचे खरे दुखणे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मधली, संशयाची किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब गाड्याच उरतात. खोटे नाणे खऱ्याला हुसकावते, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत फसव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपण गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतो. तेथे गाडीच लिंबू निघते! वर्गात हा सिद्धान्त शिकविताना मला फारसे कष्ट पडत नाहीत. निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरी जुनी दुचाकी घेताना कोणी ना कोणी फसलेला असतोच.

मग हा बाजार पुरता बुडत का नाही? कारण खानदेशी माणूस ही अडचण ॲकरलॉफच्या कितीतरी आधीपासून ओळखून आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणारा किंवा आठवडी बाजारात बैल घेणारा शेतकरी एकटा जात नाही. दात पाहून वय सांगणारा, जनावर चालवून खोड ओळखणारा एखादा जाणता तो सोबत नेतो. मोटारीच्या बाजारात ही जागा मेकॅनिकने घेतली आहे. तो सकाळी थंड एंजिन सुरू करून पाहतो, निळा धूर येतो का बघतो, बॉनेटचे बोल्ट कधी खोलले आहेत का तपासतो. मीटर चाळीस हजार दाखवीत असेल आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर मीटर मागे फिरविले आहे हे त्याला सांगावे लागत नाही. सीट-बेल्ट पूर्ण बाहेर ओढून तो गाळाची रेघ शोधतो. पुरात बुडालेली गाडी तेथे पकडली जाते. ‘डॉक्टरांनी वापरलेली, एका हाताची’ असल्या जाहिरातींपेक्षा हे पुरावे अधिक बोलके असतात.

अडचण एवढीच की हा जाणता पुष्कळदा दोन्हीकडून दलाली घेतो, आणि दलाली मिळते ती सौदा झाला तरच. ज्याचे पोट सौद्यावर अवलंबून आहे त्याने सौदा मोडावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून मेकॅनिकला तपासणीचे पैसे आधी आणि स्वतंत्रपणे द्यावेत, ‘घेऊ नका’ म्हणाला तरीही द्यावेत. हजार-दीड हजारांची ही रक्कम देताना आपला हात आखडतो, आणि त्याच वेळी सीट-कव्हरवर पाच हजार खर्च करताना मात्र तो सैल सुटतो.

कागदांच्या बाबतीत आपण याहूनही बेफिकीर आहोत. फॉर्म 29 व 30 वर सह्या करून गाडी देऊन टाकायची आणि नाव बदलण्याचे पुढे पाहू म्हणायचे, ही रीत येथे सर्रास आढळते. हस्तांतराची सूचना विकणाऱ्याने 14 दिवसांत द्यावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 50 सांगते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक. गाडी मध्ये चार जणांना विकली गेली असली तरी. म्हणजे एम.एच. 19 क्रमांकाची आपली जुनी गाडी विकून निर्धास्त झोपलेल्या गृहस्थाला उद्या लाखोंच्या भरपाईची नोटीस येऊ शकते. गुजरातची सीमा जवळ आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात नातलग भरपूर, त्यामुळे तिकडच्या गाड्याही येथे येतात. दिल्लीत पेट्रोल गाड्यांना 15 आणि डिझेल गाड्यांना 10 वर्षांची मर्यादा घातली गेल्यापासून तिकडूनही येऊ लागल्या. त्यांची किंमत पाहून भुलणाऱ्याने ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि फेरनोंदणी हा खर्च आधी मिळवून पाहावा. कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा कागद हाती असल्याखेरीज तर बयाणाही देऊ नये.

वयाचाही विचार हवा. एप्रिल 2019 पासून अँटी-लॉक ब्रेक आणि जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग नव्या मोटारींना सक्तीची झाली. मालमोटारींच्या महामार्गावर रोज चौघांना नेणारी गाडी त्यापूर्वीची घेऊन तीस-चाळीस हजार वाचविणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र आले आहे. ते मूळ आराखड्यात न धरलेल्या जुन्या चारचाकीची कार्यक्षमता सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, हे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटले होते. वरच्या हिशेबात ती भर पाच हजारांची.

शासनाने या बाजारात काहीच केले नाही असे नाही. एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणीचे नियम लागू झाले. पण डिसेंबर 2024 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावरील कर सरसकट 18 टक्के करण्याची शिफारस केली. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर तो नाही. ज्याने दुकान मांडून हमी द्यावी त्याच्यावर कर आणि टपरीवर बसून सौदा जुळविणारा मोकळा, अशी ही रचना आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लहान नव्या मोटारींवरील कर 18 टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्यांच्या किमतींवरही साहजिकच दबाव आला. घेणाऱ्याच्या ते पथ्यावर पडले.

खरी उणीव माहितीची आहे. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत मीटरवरील आकडा नोंदला जातो आणि क्रमांक टाकून तो कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे ‘वाहन’ प्रणालीत विम्याची व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत दिसते, बोजाही दिसतो. प्रदूषण तपासणीसाठी प्रत्येक गाडीला ठरावीक मुदतीने केंद्रावर जावेच लागते. त्याच वेळी मीटरचे छायाचित्र घेऊन आकडा नोंदवावा आणि विमा कंपन्यांनी दिलेल्या मोठ्या अपघात-भरपाईची नोंदही क्रमांकाखाली खुली करावी. त्यासाठी नवे खाते नको, नवा निरीक्षक नको; केंद्रावरील मुलाने आणखी एक आकडा टंकित करावयाचा आहे.