व्हिडिओ हिट, बोर्ड मात्र गोदामात!

एखादं भन्नाट गॅजेट यूट्यूबवर दिसलं की आपला प्रश्न ठरलेला, 'कधी मिळणार?' बनवणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो याच प्रश्नाने. रास्पबेरी पायचंच घ्या ना. क्रेडिट कार्डाएवढा हा कॉम्प्युटर आज कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही सापडतो आणि फॅक्टरीतही. पण इंग्लंडातल्या केंब्रिजहून तो जगभर पोचण्याआधीचं वर्ष भलतंच टेन्शनचं होतं. मला तर त्या बोर्डापेक्षा ही स्टोरीच जास्त आवडते.

मे २०११. बीबीसीच्या रोरी केलन-जोन्स यांनी एक छोटासा व्हिडिओ टाकला. त्यात गेम डिझायनर डेव्हिड ब्रेबन पेन ड्राइव्हएवढा एक नमुना दाखवत होते. दोन दिवसांत सुमारे सहा लाख लोकांनी तो पाहिला! म्हणजे २५ डॉलरच्या कॉम्प्युटरचा शब्द जगाला देऊन झाला आणि विकण्याजोगं हातात काहीच नाही. ऑगस्टमध्ये चाचणीच्या बोर्डावर 'क्वेक थ्री' गेम पळवून दाखवला. स्मार्ट मूव्ह! चिपचे आकडे कोण वाचतो? गेम अडखळत नाहीये, हे मात्र सगळ्यांना कळतं.

जानेवारी २०१२ मध्ये दहा बीटा बोर्ड ईबेवर लिलावाला निघाले. जमले १६ हजार पौंडांहून जास्त, त्यातला ०१ नंबरचा बोर्ड एकटाच ३,५०० पौंडांना गेला. २९ फेब्रुवारीला, आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले असताना, ३५ डॉलरच्या मॉडेलची विक्री सुरू झाली आणि दोन्ही विक्रेत्या कंपन्यांच्या साइट्स गर्दीने झोपल्या.

आता खरी गंमत. पहिले दहा हजार बोर्ड चीनमध्ये बनत होते. मार्चमध्ये लक्षात आलं, की नेटवर्कची केबल जिथे खुपसतो तो जॅकच चुकीचा लागलाय. हवा होता आत बारीक ट्रान्सफॉर्मर असलेला, लागला साधा. नेटवर्क बंद! मग जुने जॅक काढा, नवे सोल्डर करा.

ते निस्तरतंय तोवर विक्रेते म्हणाले, 'सीई'चा शिक्का नसेल तर माल हलणार नाही. हा उघडा बोर्ड आहे, इंजिनिअर मंडळींसाठी आहे, तयार कन्झ्युमर वस्तू नाही, त्यामुळे शिक्का आत्ताच लागणार नाही, असा पायवाल्यांचा समज होता. विक्रेत्यांनी तो मानला नाही. मला विचाराल तर विक्रेत्यांचंच बरोबर होतं. बोर्ड शाळकरी पोरांच्या हातात द्यायचा म्हणता आणि इंजिनिअरची सवलत मागता?

ही चाचणी म्हणजे काय? प्रत्येक कॉम्प्युटर थोड्याफार रेडिओ लहरी फेकतो. त्या मर्यादेबाहेर गेल्या तर शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर. पायला तर लहरी अडवणारी धातूची पेटीही नव्हती. वर स्क्रीन, की-बोर्ड, नेटवर्कच्या केबल्स जोडल्या की प्रत्येक केबल अँटेनासारखी वागते. म्हणून सगळा पसारा जोडून, बाहेरच्या लहरी येऊ न देणाऱ्या खोलीत मोजणी होते. पायचे बोर्ड वेल्समधल्या प्रयोगशाळेत गेले आणि एप्रिलच्या सुरुवातीला पास झाले. डिझाइनमध्ये काही बदलावं लागलं नाही! एप्रिलच्या मध्याला पार्सलं निघाली. व्हिडिओनंतर जवळजवळ वर्षाने.

पुण्यातला माझा एक मित्र सध्या स्वतःचा छोटा बोर्ड परदेशी विकायच्या खटपटीत आहे. आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत ऑनलाइन निघाला. अमेरिकेचं गणित मात्र त्याला नव्याने मांडावं लागलं, कारण ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्याचा डेमो व्हिडिओ शूट होऊन पडलाय, एकदम झकास. अपलोड कधी, विचारलं तर म्हणाला, "लॅबचा रिपोर्ट येऊ दे आधी."

आम्ही अजून वाट बघतोय.