गुरांचा दवाखर्च आणि लसटोंचणी

मुळशी तालुक्यांतील घोटावडे गांवासारख्या भातपट्ट्यांत पावसाळा तोंडावर आला कीं शेतकऱ्याचें सारें लक्ष बीं, राब आणि औत यांकडे असतें. गोठ्यांतील जनावर धडधाकट दिसत असतें. तेव्हां त्यास सुई टोंचून घेण्याची घाई कशाला, असें त्यास वाटतें. परंतु घटसर्प व फऱ्या हे दोन रोग पावसाळ्याबरोबरच येतात. घटसर्प झाला म्हणजे म्हशीच्या गळ्यास सूज येऊन एका दिवसांत ती दगावूं शकते. औषध ह्या रोगावर नाहीं असें नव्हे. पण तें अगदीं आरंभींच लागू पडतें, आणि मुसळधार पावसाच्या रात्रीं तें वेळेवर मिळणें ही निव्वळ नशिबाची गोष्ट होय.

लस टोंचल्यावर अंगीं प्रतिकारशक्ति येण्यास सुमारें दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून ह्या दोन्ही लसी मे महिन्याच्या अखेरीपूर्वींच दिल्या पाहिजेत. आषाढांत, शेजाऱ्याची म्हैस मेल्यावर केलेली धांवपळ बहुधा उशिराचीच ठरते. फऱ्या मुख्यतः सहा महिने ते दोन वर्षें वयाच्या, अंगानें भरलेल्या जनावरांस होतो. म्हणजे उद्यांच्या बैलजोडीसच. त्याचे जंतू बीजरूपानें मातींत वर्षानुवर्षें टिकतात. याकरितां त्या रोगानें मेलेलें जनावर फाडूं नये. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें.

लाळ-खुरकुताचा हिशोब निराळा आहे. यांत मोठें जनावर सहसा मरत नाहीं, म्हणून शेतकरी ह्या रोगास हलका लेखतो, आणि येथेंच तो फसतो. समजा, आठ लिटर दूध देणारी गाय महिनाभर निम्म्यावर आली, तर 120 लिटर दूध बुडालें. लिटरास 30 रुपये धरल्यास 3,600 रुपये झाले. त्यांत औषधें, पशुवैद्याच्या फेऱ्या, आणि बैलाचे खूर दुखावल्यामुळें ऐन चिखलणींत भाड्यानें आणावें लागलेलें औत, हीं धरलेलींच नाहींत. उलट केंद्र सरकारचा रोगनियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर 2019 मध्यें सुरू झाला, त्यांत ही लस मोफत दिली जाते. दर सहा महिन्यांनीं ती टोंचावयाची असते. टोंचल्यावर एकदोन दिवस दूध थोडें उतरतें व क्वचित् गांठ येते, ही गोठेवाल्यांची तक्रार खोटी नाहीं. पण दोन दिवसांची घट आणि महिन्याची घट एकाच तराजूंत घालूं नये.

प्रतिबंधानें केवढें काम होतें याचा दाखला पुण्याशींच निगडित आहे. पूर्वीं बुळकांडीनें गोठेच्या गोठे ओस पडत. गुरांच्या अशा रोगांचा अभ्यास व्हावा म्हणून 1889 सालीं पुण्यांत सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. 1893 मध्यें ती हिमालयांतील मुक्तेश्वरास हलविण्यांत आली, आणि तिचीच पुढें भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. बुळकांडीवर खात्रीचें औषध कधींच सांपडलें नाहीं. ती गेली ती लसीनें. 1954 पासून देशभर टोंचणीची मोहीम चालली, 1995 नंतर भारतांत तिची लागण आढळली नाहीं, आणि 2011 मध्यें साऱ्या जगांतून ती नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. आज त्या रोगापायीं कोणाचा एक पैसाहि खर्च होत नाहीं.

लंपी त्वचारोग 2022 च्या ऑगस्टांत जळगांव जिल्ह्यांत दिसला व पुढें राज्यभर पसरला. तेव्हां दुभती गाय मेल्यास सरकारनें 30,000 रुपये मदत ठरविली. मदत मिळाली तें ठीकच. पण ती मेलेल्या गाईची, वांचलेल्या गाईच्या बुडालेल्या वेताची नव्हे.

सांसर्गिक गर्भपाताची गोष्ट मात्र घरच्या माणसांपर्यंत येऊन पोंचते. गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हातानें काढल्यानें, किंवा तिचें दूध कच्चें प्याल्यानें, माणसास लांबणारा ताप येतो. त्यावर दोन औषधें मिळून निदान सहा आठवडे घ्यावीं लागतात, आणि तेवढे दिवस मजुरीहि बुडते. वार काढतांना हातमोजे घालावेत आणि दूध उकळूनच प्यावें. गाईंत ह्या रोगावर व्यवहार्य असा उपचार नाहीं. लस आहे, ती चार ते आठ महिने वयाच्या कालवडींस व पारड्यांस जन्मांत एकदांच देतात. म्हणून गोठ्यांत कालवड जन्मली कीं तिची तारीख भिंतीवर खडूनें लिहून ठेवावी.