मोबाइलच्या पडद्यावरील बाहुल्या

कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जतन केला आहे. पांढरा पडदा, त्याच्यामागे दिवा आणि दिव्यापुढे नाचविली जाणारी रंगीत चामड्याची चित्रे, एवढीच त्याची सामग्री. रामायणातील पात्रे छायारूपाने पडद्यावर येतात, हात हलवितात, झुंजतात आणि नाहीशी होतात. प्रेक्षकाला सूत्रधाराचा हात दिसत नाही. दिसते ती केवळ हालचाल. आज खिशाखिशांतून असलेल्या मोबाइलच्या पडद्यावर जे हलताना दिसते, त्याचे स्वरूपही याहून फारसे निराळे नाही. पैसे पाठविले की हिरव्या वर्तुळात बरोबरची खूण उमटते. हृदयाच्या चित्रावर बोट टेकताच ते क्षणभर फुगते. उत्तर येईपर्यंत तीन ठिपके खालीवर होत राहतात. या हालचालीमागचा सूत्रधार कोण, आणि तिच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पूर्वी अशी हालचाल अ‍ॅपमध्ये आणणे मोठे जिकिरीचे काम असे. चित्रकार आपल्या संगणकावर ‘आफ्टर इफेक्ट्स’ नावाच्या साधनाने सुंदर हालचाल तयार करी. पण ती मोबाइलवर उतरविताना प्रोग्रामरला प्रत्येक रेषा, प्रत्येक वळण आकड्यांच्या भाषेत पुन्हा लिहून काढावे लागे. चित्रकाराने एका दिवसात केलेले काम पुन्हा उभारण्यात अनेक दिवस जात, आणि एवढे करूनही मूळची ऐट त्यात उतरेलच याची शाश्वती नसे. दुसरा मार्ग म्हणजे हालचालीतील सगळी चित्रे एकामागून एक साठवून ठेवावयाची. परंतु त्यामुळे अ‍ॅपचा आकार वाढे, आणि मोठ्या पडद्यावर चित्रे फिकी व अस्पष्ट दिसत.

या अडचणीतून वाट काढणाऱ्या साधनांपैकी विशेष प्रसिद्धी पावलेले साधन म्हणजे ‘लॉटी’. प्रवाशांसाठी घरे मिळवून देणाऱ्या ‘एअरबीएनबी’ या अमेरिकन कंपनीतील मंडळींनी ते तयार केले आणि 2017 साली सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. आफ्टर इफेक्ट्समधील हालचाल फाइलच्या रूपाने बाहेर काढण्याची युक्ती हेर्नान टोरिसी यांनी ‘बॉडीमूव्हिन’ या जोडसाधनाच्या द्वारे आधीच साधली होती. ती फाइल मोबाइलवर वाचून रेखाटण्याचे काम लॉटीने पत्करले.

लॉटी हे नाव लोटे राइनिगर या जर्मन कलावतीवरून घेतलेले आहे. 1899 साली बर्लिन येथे जन्मलेल्या या बाई काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापीत, त्यांचे अवयव तारेने सांध्यांत जोडीत आणि खालून उजळलेल्या काचेवर त्या ठेवीत. आकृती किंचित हलवावयाची व एक छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाची व पुन्हा घ्यावयाचे, अशा चिकाटीने त्यांनी 1926 साली राजपुत्र अहमदच्या साहसांवरील चित्रपट पूर्ण केला. पूर्ण लांबीचे जे सचेतन चित्रपट आज पाहावयास मिळतात, त्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. आपल्याकडेही वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोड्याथोड्या अंतराने टिपून ते रोप पडद्यावर झरझर वाढताना दाखविले होते. तत्त्व सर्वत्र एकच. स्थिर चित्रे वेगाने एकामागून एक आली की डोळ्यांस हालचालीचा भास होतो.

आता ‘लायब्ररी’ या शब्दाविषयी. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. कोणी एकाने लिहून व तपासून ठेवलेला आज्ञांचा संच इतरांस आपल्या अ‍ॅपमध्ये जसाच्या तसा जोडून घेता येतो. त्या संचास प्रोग्रामर लायब्ररी म्हणतात. दर स्वयंपाकाला मसाला कांडीत न बसता सुगरण वर्षाचा मसाला कुटून ठेवते, तसाच हा प्रकार आहे.

लॉटीच्या फाइलमध्ये चित्रे नसतात. चित्र काढण्याची कृती असते. कोणता आकार कोणत्या बिंदूंनी बनला, त्याचा रंग कोणता, कोणता थर वर व कोणता खाली, आणि अमुक क्षणी तो कोठे असावा, हे सारे त्यात अक्षरांनी व आकड्यांनी लिहिलेले असते. चित्रकार केवळ मुख्य चौकटी ठरवितो; मधल्या चौकटी लायब्ररी गणिताने भरून काढते. समजा, एका ठिपक्याला शून्यापासून शंभरापर्यंतचे अंतर 300 मिलिसेकंदांत कापावयाचे आहे. सेकंदाला 60 वेळा नव्याने रेखाटणाऱ्या पडद्यावर याच्या 18 चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत सारखेच अंतर कापले, तर हालचाल यंत्रासारखी निर्जीव वाटते. म्हणून आरंभी वेग अधिक व शेवटी कमी ठेवतात. अशा एका सोप्या सूत्राने पाव वेळेत ठिपका सुमारे 44 वर, अर्ध्या वेळेत 75 वर आणि पाऊण वेळेत जवळजवळ 94 वर पोहोचतो. उरलेले थोडके अंतर तो सावकाश चालतो. फलाटाला लागणारी गाडी जशी हळूहळू थांबते, तसा तो थांबतो आणि म्हणूनच खरा वाटतो.

प्रोग्रामरचे काम त्यामुळे थोडक्यात आटोपते. लायब्ररी जोडावयाची, फाइल अ‍ॅपमध्ये ठेवावयाची, पडद्यावरील जागा नेमून द्यावयाची आणि ‘चालव’ अशी आज्ञा करावयाची. हालचाल एकदाच व्हावी की फिरून फिरून, वेग किती असावा, हेही त्यास सांगता येते. एवढेच नव्हे, तर हालचालीची प्रगती शून्य ते एक या आकड्यांत मोजून ती बोटाच्या सरकण्याशी बांधता येते. बोट निम्मे सरकले की चित्रही निम्म्यावर येते, आणि बोट मागे गेले की तेही मागे फिरते.

तथापि या साधनाच्या काही मर्यादा आहेत. सेकंदाला 60 चौकटी म्हटल्या की एका चौकटीस जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. चित्रात झाकणारे, कापणारे व अर्धपारदर्शक थर फार झाले, तर स्वस्त मोबाइलला तेवढ्यात ते रेखाटणे जमत नाही. चौकटी गळतात आणि हालचाल अडखळते. शिवाय आफ्टर इफेक्ट्समधील प्रत्येक करामत लॉटीला समजतेच असे नाही. म्हणून महागड्या यंत्रावर पाहून समाधान न मानता साध्या मोबाइलवर परीक्षा घेणे इष्ट होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न माणसाच्या प्रकृतीचा आहे. 2013 साली ‘अ‍ॅपल’ने आपल्या फोनच्या पडद्यावर झेप घेणाऱ्या व खोल सरकणाऱ्या हालचाली आणल्या, तेव्हा काही लोकांना त्या पाहून घेरी आली आणि मळमळले. त्याच वर्षी ‘हालचाल कमी करा’ ही सोय अधिक परिणामकारक करण्यात आली. ज्यांच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा नाजूक आहे, त्यांच्या दृष्टीने ही केवळ सोय नसून गरजच आहे. वापरणाऱ्याने ती निवडली आहे काय, हे अ‍ॅपने तपासावे आणि निवडली असल्यास स्थिर चित्र दाखवावे. तसेच सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे चित्र अपस्माराच्या रुग्णास घातक ठरू शकते, म्हणून ते टाळावयाचे असा दंडक आहे. अंध व्यक्तीला तर हालचाल मुळीच दिसत नाही. तिच्यासाठी तोच अर्थ शब्दांनी सांगावा लागतो.

शेवटचा मुद्दा सचोटीचा. हिरवी खूण उमटविणाऱ्या फाइलला पैशांविषयी काहीच ठाऊक नसते. ‘चालव’ म्हटले की ती चालते. म्हणून बँकेचे उत्तर हाती आल्यावाचून ती आज्ञा न देणे हे प्रोग्रामरचे कर्तव्य आहे. उत्तर येण्यास विलंब झाला, तर चाक नुसतेच फिरवीत न ठेवता तसे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. नाही तर गोंधळलेला मनुष्य तीच रक्कम पुन्हा पाठवून बसतो. लबाड लोकांनी तर खऱ्या अ‍ॅपची हुबेहूब नक्कल करून, एक पैसाही न देता, दुकानदारांना अशी हिरवी खूण दाखविल्याचे प्रकार घडलेले आहेत. बाजारात बसलेल्या मासळीवालीने किंवा भाजीवाल्याने गिऱ्हाइकाच्या पडद्यावरील खुणेवर विसंबून माल हाती देऊ नये. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश आपल्याच मोबाइलवर पाहावा, अथवा रक्कम बोलून सांगणाऱ्या आपल्या पेटीचा आवाज ऐकावा.

पिंगुळीच्या पडद्यावर रावण पडतो तेव्हा खरोखर कोणी मरत नाही, हे प्रेक्षक जाणून असतो आणि तरीही खेळात रमतो. मोबाइलच्या पडद्यावरील खेळही तसाच जाणतेपणाने पाहावा. हालचालीचे कौतुक जरूर करावे, हिशेब मात्र खात्यावरच तपासावा.