तुळजापूरला चालत निघताय? पायात काय, अंगावर काय, पिशवीत काय

दसरा झाला की आपल्या भागातल्या गावागावांत एकच विचारणा सुरू होते, "यंदा चालत कोण कोण निघालंय?" सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रेला जाते आणि पाचव्या दिवशी, अश्विन पौर्णिमेला, पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. त्या दर्शनासाठी बीदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुरगीकडून माणसं पायी निघतात. कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी तेलुगू. "आई राजा उदो उदो" मात्र सगळ्यांचं एकच.

बसवकल्याणकडून उमरगा, नळदुर्गमार्गे तुळजापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. कलबुरगीहून आणखी लांब. रोज २५ किलोमीटर धरले तरी चार-पाच दिवस लागतात. भक्ती सगळ्यांकडेच असते. माणूस अर्ध्यावर बसतो तो फोड, उन्हाचा त्रास नाहीतर अंधारातला अपघात यामुळे. हे तिन्ही बऱ्याच अंशी टाळता येतं, फक्त तयारी निघायच्या आधी करावी लागते.

पायात काय?

यात्रेसाठी नवा बूट घेऊ नका. ही चूक मी स्वतः केलीय. पहिल्या दिवशी रुबाब होता, दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या अलीकडेच दोन्ही टाचांना फोड आले आणि पुढचा रस्ता लंगडत काढला. दोन-तीन महिने वापरलेला, पायाला बसलेला बूट किंवा मागं पट्टा असलेली सँडल घाला. चालून पाय सुजतात, म्हणून बोटांपुढं थोडी जागा हवी. साधी स्लीपर मुक्कामावर ठीक आहे, दिवसभर चालायला नाही.

फोड येतो तो घर्षण, घाम आणि उष्णता एकत्र आल्यावर. म्हणून मोज्यांचे तीन जोड घ्या आणि ओला झालेला जोड लगेच बदला. सकाळी टाचांना, बोटांच्या मधे थोडं व्हॅसलीन लावा. नखं दोन दिवस आधीच कापून घ्या. कुठं चुरचुरायला लागलं की तिथंच थांबून चिकटपट्टी लावा, "पुढच्या गावात बघू" म्हणू नका. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, तीच खालच्या जखमेचं झाकण असते.

अनवाणी जायचा नवस असेल तर

नवसाबद्दल आम्ही काही बोलणार नाही. पण घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर एवढं जरूर सांगा. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. काच रुतली, डांबरानं भाजलं तरी कळत नाही, आणि जखम भरायलाही वेळ लागतो. अशी जखम चिघळून बोट किंवा पाय गमवायची वेळ येऊ शकते. अशा माणसानं महामार्गावर पायताण घालावंच. नवस ठेवायचाच असेल तर तुळजापुरात पोचल्यावर, स्वच्छ जागी, शेवटचं थोडं अंतर कुणाला तरी सोबत घेऊन अनवाणी चालावं, आणि मुक्कामावर घरच्यांनी दोन्ही तळवे उजेडात नीट बघावेत. आई लेकराचे पाय सोलून घेत नसते.

अंगावर काय?

दिवसा ऊन, पहाटे गारवा आणि मधेच परतीचा पाऊस, असे हे दिवस. सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. डोक्याला टॉवेल किंवा टोपी. बायकांना सलवार-कमीज सोपा पडतो. साडीच नेसायची तर सुती आणि घोट्याच्या थोडी वर. मांड्या घासून लाल होतात, तिथं आधीच खोबरेल तेल लावा. पहाटेसाठी एक शाल आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद पुरे. खताच्या पोत्याची खोळसुद्धा चालते.

दुपारचं डांबर टाळा. पहाटे चारला निघून दहापर्यंत चाला, मग सावली धरा आणि ऊन उतरल्यावर पुन्हा निघा.

अंधारात दिसा

राष्ट्रीय महामार्ग ६५ म्हणजे पुणे-हैदराबादचा रस्ता. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. तुम्ही चालकाला दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते. त्यात हे दिवस सोयाबीनच्या राशीचे, मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतातच.

म्हणून पाठीवरच्या पिशवीला आणि बाहीला रेडियमची पट्टी चिकटवा. काळे कपडे रात्री नकोत. जिथं वेगळी पायवाट नाही तिथं उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागं एक चाला. सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या माणसाकडं बॅटरी हवी. रस्त्याच्या कडेला झोपू नका, कितीही दमलात तरी.

पिशवीत काय?

जड सामान सोबतच्या टेम्पोत टाका. पाठीवर तीन-चार किलोंपेक्षा जास्त नको. त्यात एवढं असावं:

- एक लिटर पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.
- कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाची पोळी, फुटाणे-गूळ. चार दिवस न विटणारं खाणं आपल्याच भागात आहे.
- रोजच्या गोळ्या, पूर्ण दिवसांच्या आणि दोन दिवस जास्तीच्या. साखरेची गोळी घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये. घाम फुटून हातपाय थरथरले तर लगेच साखर तोंडात टाकावी.
- चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक मलम. बायकांनी पॅड.
- आधार कार्ड. शक्ती योजनेचा मोफत प्रवास कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्याच्या हद्दीतच आहे, म्हणून परतीच्या भाड्याचे पैसेही वेगळे ठेवा.
- नाव, गाव, आजार आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, मराठीत आणि कन्नडमध्ये. म्हाताऱ्या माणसांच्या खिशात ही असायलाच हवी.

नंबर पाठ करा: रुग्णवाहिकेसाठी १०८, हा दोन्ही राज्यांत चालतो. कुठल्याही संकटात ११२. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला तर १०३३.

आणि एक शेवटचं. घेरी आली, उलटी झाली, बोलणं अडखळायला लागलं, किंवा छातीत दुखलं, तर त्या माणसाला "थोडं राहिलंय, चल" म्हणू नका. सावलीत बसवा आणि गाडी बोलवा. उरलेला रस्ता पुढच्या वर्षी चालता येईल.