वारेवरच्या लाल गाठी

कांदा निघाला की सिन्नर-निफाडच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. शेताला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा रोख. त्याच रानात एखादी मेंढी विते. कोकरू धडपडत सडाला लागतं, पण मेंढपाळाचं लक्ष मेंढीच्या मागे असतं: वार पूर्ण पडली का? पडली की कुत्र्यांनी ओढण्याआधी ती पुरली जाते.

पुरण्याआधी ती पसरून पाहावी. पातळ पडद्यावर जागोजागी लाल गाठी दिसतात. मेंढीच्या गर्भाशयात आतून साधारण ७० ते १०० उंचवटे असतात. गाभणपणात ते वाटीसारखे खोलगट होतात आणि वारेच्या गाठी त्यांत रुततात. आईचं आणि गर्भाचं रक्त इथे अगदी शेजारून वाहतं, मिसळत मात्र नाही. आईची प्रतिकारद्रव्यंही या वाटेने गर्भाकडे जात नाहीत. ती मिळतात ती चिकातून, म्हणून जन्मल्या जन्मल्या कोकराला चीक पाजायलाच हवा.

वार चिकटण्याआधीचे दोन-अडीच आठवडे गर्भ जगतो तो गर्भाशयातल्या ग्रंथींच्या स्रावावर.

वार चिकटल्यावर गर्भाशय आईच्या रक्तातून किती पोषण उचलतं, हे अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात जाकोमो मेस्किया आणि फ्रेडरिक बॅटाग्लिया यांनी जिवंत, उभ्या मेंढ्यांमध्ये मोजलं. गर्भाशयात शिरणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या रक्तातल्या पोषकद्रव्याच्या प्रमाणातला फरक काढायचा, त्याला रक्तप्रवाहाने गुणायचं. उत्तर थक्क करणारं होतं. गर्भाशयाने उचललेल्या ग्लुकोजपैकी निम्म्याहून जास्त वार आणि गर्भाशयच वापरतात. उरलेलं कोकराला. अमिनो आम्लं मात्र वार ऊर्जा खर्चून ओढून घेते, त्यामुळे गर्भाच्या रक्तात ती आईपेक्षा जास्त सापडतात.

ग्लुकोजचं तसं नाही. ते आईच्या रक्तात जास्त असेल तरच पलीकडे उतरतं. आणि मेंढीला चाऱ्यातून थेट ग्लुकोज फारसं मिळतच नाही. पोटातले जिवाणू चारा आंबवतात, त्यातून प्रोपिऑनिक आम्ल बनतं आणि यकृत त्याचं ग्लुकोज करतं.

वारेची वाढ तिसऱ्या महिन्यापर्यंत बहुतेक उरकते. कोकराचं सुमारे तीन चतुर्थांश वजन मात्र शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं. त्याच गाठींतून तेव्हा कितीतरी जास्त रक्त खेळवावं लागतं. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं. जुळं असलं की तेवढ्याच गाठी दोघांत वाटल्या जातात. वर फुगलेलं गर्भाशय मेंढीच्या पोटाची जागा खातं, तिला एका वेळी फार चरता येत नाही. अशा मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात नुसतं वाळलं गवत पुरत नाही. मक्याचा भरडा आणि बाभळीच्या शेंगा, थोड्या-थोड्या, दिवसातून दोनदा द्याव्या लागतात.